दवंडीची तारीख

एखाद्या गांवांत किंवा शहरांत साथ आली म्हणजे दोन प्रकारचे कागद जमा होऊं लागतात. एक प्रकार मृतांच्या नोंदींचा, दुसरा हुकुमांचा. पहिला प्रकार फार जुना असून त्याची जपणूक बहुतेक ठिकाणीं बऱ्यापैकीं होत आली आहे; कारण वारसा, वतन, कर आणि शिरगणती या सर्वांस मृत्यूच्या नोंदीची गरज लागते. दुसऱ्या प्रकारच्या कागदांचें नशीब तसें नाहीं. शाळा अमुक दिवसापासून बंद, बाजार अमुक वेळेंतच भरेल, जत्रा भरणार नाहीं, आजाऱ्याच्या दारावर पाटी लागेल, असे हुकूम सुटतात. दवंडी पिटली जाते. लोक कांहीं दिवस ते पाळतात, कांहीं दिवस चुकवितात. आणि साथ ओसरली म्हणजे हुकूम केव्हां मागें घेतला गेला हेंहि कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. दवंडीचा आवाज हवेंत विरतो आणि तिची तारीखहि त्याबरोबर विरून जाते.

वरवर पाहतां यांत मोठेंसें नुकसान झालें असें वाटत नाहीं. साथ गेली, हुकूमहि गेला. त्याचें जुनें चिटोरें जपून काय करावयाचें, असें कोणी विचारील. परंतु मृत्यूंचा आकडा एकटा असतां मुका असतो. किती मेले हें तो सांगतो. त्यांपैकीं किती वांचूं शकले असते हें त्यास सांगतां येत नाहीं. तें जाणावयाचें असेल तर आकड्यांच्या शेजारीं दुसरा एक रकाना आंखावा लागतो व त्यांत कोणत्या शहरानें कोणत्या दिवशीं काय केलें हें लिहावें लागतें. आज संगणकाच्या साहाय्यानें असे रकाने आंखले जातात व त्यांस डेटाबेस असें नांव आहे. नांव नवें असलें तरी कल्पना तशी नवी नाहीं. हा दुसरा रकाना आंखण्याची बुद्धि माणसास कशी झाली, आणि तो आंखल्यानें काय कळलें व काय कळलें नाहीं, याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पहिल्या रकान्याचा इतिहास सांगूं गेल्यास तो लंडन शहरापासून सांगावा लागतो. तेथें सतराव्या शतकाच्या आरंभापासून दर आठवड्यास मृतांची यादी छापली जात असे. कोण्या परगण्यांत किती मेले व कशानें मेले हें गोळा करण्याचें काम बहुधा गरीब वृद्ध स्त्रियांकडे असे. आणि प्लेग वाढूं लागला म्हणजे शहर सोडून जावें कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं श्रीमंत लोक ती यादी विकत घेत. या याद्यांचे गठ्ठे घेऊन जॉन ग्राँट नांवाच्या एका किरकोळ मालाच्या व्यापाऱ्यानें १६६२ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. जन्मलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें छत्तीस सहा वर्षांच्या आंतच मरतात, मुलींपेक्षां मुलगे थोडे अधिक जन्मतात, असे अनेक सिद्धांत त्यानें त्या याद्यांतून काढले. दुकानाच्या हिशोबाची शिस्त त्यानें मरणाच्या हिशोबास लावली, एवढेंच त्याचें कर्तृत्व. पण तें लहान नव्हे. एका नव्या शास्त्राचा तेथें आरंभ झाला.

मृत्यूच्या आकड्याचा हुकुमाशीं सांधा जोडला गेला तो मात्र पुढें दोनशें वर्षांनीं. १८४८ सालीं इंग्लंडांत सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. त्यांत एक मोठें चमत्कारिक कलम होतें. ज्या गांवांतील मृत्यूंचें प्रमाण वर्षास दर हजारीं तेविसांहून अधिक असेल त्या गांवांत रहिवाशांनीं मागणी केलेली नसली तरी स्थानिक आरोग्यमंडळ स्थापन करण्याचा अधिकार मध्यवर्ती मंडळास त्या कलमानें मिळाला. म्हणजे आजवर चर्चच्या वहींत निमूटपणें पडून राहणारा आकडा आतां गांवाच्या कारभारावर हुकूम चालवूं लागला. नोंदवही आणि कायदा यांची ही पहिली उघड भेट होय असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्यानंतर चारच वर्षांनीं, १८५२ सालीं, लंडनच्या पाणीपुरवठ्यासंबंधीं कायदा झाला. शहराच्या गटारांनीं दूषित झालेलें टेम्स नदीचें पाणी कंपन्यांनीं उचलूं नये. १८५५ च्या ऑगस्टअखेरपर्यंत त्यांनीं आपले उपसे भरतीचें पाणी पोंचत नाहीं अशा वरच्या भागांत न्यावे, असें त्यांत ठरलें. लँबेथ कंपनीनें मुदतीची वाट न पाहतां आपला उपसा त्याच सालीं वर नेला. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी जुन्याच जागीं राहिली. दोन्ही कंपन्यांचे नळ दक्षिण लंडनच्या त्याच गल्ल्यांतून शेजारींशेजारीं गेलेले. १८५४ सालीं पटकीची साथ आली तेव्हां डॉक्टर जॉन स्नो याने घरोघर चौकशी करून कोणाच्या घरीं कोणाचें पाणी होतें याची यादी केली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यु झाले. लँबेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागें पहिल्या ठिकाणीं ३१५ आणि दुसऱ्या ठिकाणीं ३७ असें हें प्रमाण पडतें. स्नोची प्रसिद्धि एका सार्वजनिक पंपाचा दांडा काढविल्याबद्दल अधिक झाली; पण त्याचें खरें मोठें काम हा तक्ता होय. एका बाजूस मृत्यु आणि दुसऱ्या बाजूस कोणी काय बदललें व कोणी बदललें नाहीं याची नोंद, हे दोन रकाने त्यानें शेजारींशेजारीं ठेविले, आणि पटकी हवेंतून येत नसून पाण्यांतून येते ही गोष्ट डोळ्यांस दिसूं लागली.

परंतु स्नोपुढें दोनच कंपन्या होत्या व त्यांच्यांतील भेद एकच होता. जेथें पन्नास शहरें आहेत, प्रत्येकाचा आरोग्याधिकारी निराळा आहे, प्रत्येकानें निरनिराळ्या दिवशीं निरनिराळे हुकूम काढलेले आहेत, तेथें काय करावें? हा प्रश्न १९१८ सालीं उत्पन्न झाला, आणि त्याचें उत्तर शोधण्यास माणसें बसलीं तीं जवळजवळ नव्वद वर्षांनंतर.

१९१८ चें वर्ष महायुद्धाचें शेवटचें वर्ष. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत इन्फ्लुएंझाची जी साथ जगभर फिरली तिच्यावर औषध नव्हतें, लस नव्हती, इतकेंच नव्हे तर रोगाचें खरें कारण जो विषाणु तोहि अजून कोणास सांपडला नव्हता. अमेरिकेंतील शहरांच्या हातीं एकच उपाय उरला होता, आणि तो म्हणजे माणसांस माणसांपासून दूर ठेवणें. हा उपाय कसा व केव्हां योजावयाचा हें ठरविणारी मध्यवर्ती सत्ता तेथें नव्हती. जो तो आपल्या शहराचा धनी. म्हणून एकाच महिन्यांत एकाच देशांत शेंकडों निरनिराळे निर्णय झाले.

त्यांपैकीं दोन शहरांची कथा आज सर्वांत अधिक सांगितली जाते. फिलाडेल्फियाच्या नाविक तळावरील खलाशांत सप्टेंबरच्या पूर्वार्धांत साथ शिरली. १७ सप्टेंबर रोजीं नगरवासीयांतील पहिले रुग्ण कळविले गेले. अधिकाऱ्यांनीं लोकांस धीर दिला. चिंतेचें कारण नाहीं असें सांगितलें. युद्धकर्जाच्या रोख्यांसाठीं २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक ठरलेली होती. ती रद्द करावी असें कांहीं डॉक्टरांचें म्हणणें होतें; पण कर्जाचा आंकडा पुरा व्हावयाचा होता आणि देशभक्तीच्या उत्सवास नाहीं कोणी म्हणावें? सुमारें दोन लक्ष लोक रस्त्यावर दाटीनें उभे राहिले. शाळा, देवालयें, नाटकगृहें बंद करण्याचा हुकूम सुटला तो ३ ऑक्टोबरला, म्हणजे पहिल्या रुग्णानंतर सोळा दिवसांनीं. तोंवर इस्पितळें भरून गेलीं होतीं, आणि लवकरच प्रेतें पुरण्यास माणसें मिळेनाशीं झालीं.

सेंट लुई हें शहर मिसिसिपीच्या कांठीं, बरेंच आंत. तेथें नागरिकांतील पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला कळविले गेले आणि ७ ऑक्टोबरला आरोग्याधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ यानें शाळा, नाटकगृहें, सभा, सर्व कांहीं बंद केलें. दोन दिवसांत. व्यापाऱ्यांची नाराजी त्यानें पत्करली. परिणाम असा कीं ज्या आठवड्यांत मृत्यूचा कहर झाला त्या आठवड्यांत फिलाडेल्फियांत नेहमींपेक्षां अधिक झालेले मृत्यु दर लक्षामागें २५७ होते, सेंट लुईंत ३१. सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरची सगळी बेरीज घेतली तर पहिल्या शहरांत दर लक्षीं ७१९ आणि दुसऱ्यांत ३४७. शेवटच्या बेरजेंतील अंतर शिखराच्या अंतराइतकें मोठें नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं येथेंच ध्यानांत ठेवावी. तिचा विचार पुढें येणार आहे.

सॅनफ्रान्सिस्कोची कथा निराळ्या तऱ्हेची आहे. तेथें ऑक्टोबरअखेर सर्वांनीं तोंडावर फडकें बांधावें असा नियम झाला. २१ नोव्हेंबरला दुपारीं शिटी वाजली आणि लोकांनीं तीं फडकीं रस्त्यावर फेकून दिलीं. कांहीं आठवड्यांनीं साथ उलटली. १९१९ च्या १७ जानेवारीपासून नियम पुन्हां लागूं झाला. त्याविरुद्ध नागरिकांनीं संघ काढला व सभा भरविल्या. १ फेब्रुवारीला तो नियम उठला. डेन्व्हर शहरानें तर ११ नोव्हेंबरला युद्धसमाप्तीच्या आनंदांत दारें उघडलीं आणि त्याच महिन्यांत तीं पुन्हां लावून घेतलीं. याच्या उलट न्यूयॉर्कनें शाळा बंद केल्याच नाहींत. तेथील सुमारें दहा लक्ष विद्यार्थ्यांपैकीं पाऊण हिस्सा मुलें कोंदट चाळींत राहत. तीं घरीं बसविण्यापेक्षां शाळेंत आलेलीं बरीं, तेथें निदान रोज डॉक्टरची आणि परिचारिकेची नजर त्यांच्यावर पडेल, असा आरोग्याधिकारी रॉयल कोपलँड यांचा विचार होता. कारखाने व दुकानें यांच्या वेळा मात्र त्यांनीं निरनिराळ्या लावून दिल्या, कीं गाड्यांत एकदम गर्दी होऊं नये.

हे सर्व निर्णय झाले, चर्चिले गेले, आणि विसरले गेले. मृत्यूंचे आकडे अमेरिकेच्या शिरगणती खात्याच्या साप्ताहिक पत्रकांत सुरक्षित राहिले. हुकूम मात्र कोठें नगरपालिकेच्या वार्षिक अहवालांत, कोठें वृत्तपत्राच्या कोपऱ्यांत, कोठें कोणाच्या पत्रव्यवहारांत पडून राहिले. त्यांचा एकत्र हिशोब कोणी केला नाहीं.

तो करण्याची गरज २००५ नंतर भासली. पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची भीति तेव्हां जगभर होती. नवी साथ आली आणि लस तयार होण्यास महिने लागले तर मधल्या काळांत काय करावें, असा प्रश्न अमेरिकन सरकारपुढें आला. मिशिगन विद्यापीठांतील वैद्यकाचे इतिहासकार हॉवर्ड मार्केल व त्यांचे सहकारी यांनीं ४३ शहरांचीं जुनीं वृत्तपत्रें आणि दप्तरें धुंडाळलीं, व १९१८ च्या सप्टेंबरपासून पुढील चोवीस आठवड्यांत कोणत्या शहरानें कोणता हुकूम कोणत्या दिवशीं लावला व कोणत्या दिवशीं उठविला याचा दिवसवार तक्ता तयार केला. त्यांनीं हुकुमांचे तीन वर्ग पाडले: शाळा बंद करणें, सभा-समारंभ बंद करणें, आणि आजाऱ्यांस व त्यांच्या संपर्कांतील माणसांस वेगळें ठेवणें. त्या चोवीस आठवड्यांत या शहरांत इन्फ्लुएंझा व न्यूमोनिया यांनीं नेहमींपेक्षां १,१५,३४० मृत्यु अधिक झाले होते. तेवढ्या मृत्यूंच्या शेजारीं प्रथमच तारखांचा रकाना उभा राहिला. त्याच वर्षीं, २००७ सालीं, रिचर्ड हॅचेट, कार्टर मेचर आणि मार्क लिप्सिच यांनीं सतरा शहरांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें मिशिगन विद्यापीठानें पन्नास शहरांचे मूळ कागद सर्वांस पाहतां येतील असे खुले करून ठेविले.

दोन्ही अभ्यासांतून निघालेलें उत्तर स्थूलमानानें एकच होतें. ज्या शहरांनीं लवकर आणि एकाहून अधिक उपाय योजले त्यांच्यांत मृत्यूचें शिखर ठेंगणें राहिलें. दुसऱ्या अभ्यासाप्रमाणें जवळजवळ निम्म्यानें ठेंगणें. ज्यांनीं ते अधिक काळ चालविले त्यांच्यांत एकंदर मृत्युहि कमी झाले. कोणता उपाय योजला याइतकेंच महत्त्व तो कोणत्या दिवशीं योजला याला होतें. सोळा दिवस आणि दोन दिवस यांतील अंतर हजारों कुटुंबांच्या नशिबाचें अंतर ठरलें. एरवीं इतिहासांतील तारखा पाठ करण्याचा मुलांस कंटाळा येतो. पण येथें तारीख हाच इतिहासाचा गाभा होता.

येथवर आलेला वाचक म्हणेल, प्रश्न सुटला. परंतु नोंदवहीचा गुण सांगतांना तिची मर्यादा सांगितली नाहीं तर तो अर्धाच न्याय होईल. पहिली गोष्ट अशी कीं वहींत हुकूम लिहिलेला असतो, आचरण लिहिलेलें नसतें. फडकें बांधण्याचा नियम झाला याची नोंद सांपडते; किती जणांनीं तें गळ्याशींच लोंबत ठेविलें होतें याची सांपडत नाहीं. दुसरी गोष्ट, साथ पूर्वकिनाऱ्यावरून आंत सरकत गेली. सेंट लुईंत ती पोंचली तेव्हां फिलाडेल्फियाचे हाल वृत्तपत्रांत येऊन चुकले होते. ज्या शहरास शेजाऱ्याचें घर जळतांना पाहण्यास सवड मिळाली त्यानें पाणी भरून ठेविलें, यांत शहाणपण किती आणि दैव किती हें निवडणें सोपें नाहीं. तिसरी गोष्ट, ज्यांनीं पहिली लाट थोपविली त्यांच्या लोकसंख्येंत रोग न झालेले लोक अधिक उरले. दारें उघडतांच त्यांस दुसऱ्या लाटेनें गांठलें. सेंट लुईंतहि नोव्हेंबरांत असेंच झालें. शिखरांतील अंतर मोठें व बेरजेंतील अंतर लहान कां, याचें एक कारण येथें आहे. चौथी गोष्ट, शब्द एक असला तरी वस्तु एक नसते. "शाळा बंद" या दोन शब्दांखालीं एका शहरांत सर्व वर्ग बंद असतात, दुसऱ्यांत मुलांस नुसती सुट्टी देऊन शिक्षकांस घरोघर आजाऱ्यांच्या चौकशीस पाठविलेलें असतें. न्यूयॉर्कच्या नोंदींचा अर्थ कसा लावावा यावरून तर अभ्यासकांतच वाद झाला. तक्ता आंखणारा जो रकाना पाडतो त्यांतच अर्धा निकाल लागून गेलेला असतो.

आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा काळाची. त्या ४३ शहरांपैकीं ३४ शहरांनीं शाळा व सभा दोन्ही एकाच वेळीं बंद ठेविल्या होत्या, पण त्यांचा मध्यम काळ अवघा चार आठवड्यांचा होता. सर्वांत लांबलेला दहा आठवड्यांचा. २०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हां फिलाडेल्फिया आणि सेंट लुई यांच्या दोन रेषांचें तें चित्र जगांतील वृत्तपत्रांनीं छापलें, राज्यकर्त्यांनीं दाखविलें, आणि दारें लावण्याच्या बाजूनें तो एक मोठा पुरावा झाला. तो खोटा नव्हता. परंतु चार आठवड्यांच्या वहीवरून वर्षदीडवर्षाचा निर्णय वाचतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील शाळा २०२० च्या मार्चांत बंद झाल्या. शहरांतील आठवीपासूनचे वर्ग पुन्हां उघडले ते २०२१ च्या ४ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशींहि पहिली ते सातवीच्या मुलांस शहरांतील शाळेचें दार बंदच होतें. इतक्या लांब मुदतीसंबंधानें १९१८ चा तक्ता कांहींच बोलत नाहीं. जुनी वही जेथें बोलते तेथें तिचें ऐकावें आणि जेथें ती गप्प बसते तेथें आपलें म्हणणें तिच्या तोंडीं घालूं नये, हा विवेक नोंदी ठेवण्याइतकाच अवघड आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. ज्या साथीविषयीं हें सर्व लिहिलें तीच साथ महाराष्ट्रांत मानमोडी या नांवानें आजहि म्हाताऱ्यांच्या बोलण्यांतून ऐकलेली असेल. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली ती काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें मेलीं. त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता, धान्य महाग होतें, आणि पोट रिकामें असलेल्यांस रोगाशीं झगडण्याचें बळ नव्हतें. शहराच्या नोंदींतून त्या साथीचा मृत्युदर जातवार निघतो, व तो वाचतांना मन सुन्न होतें. युरोपियनांत दर हजारीं ८.३, पारशांत ९, आणि ज्यांस त्या तक्त्यांत हलक्या जातीचे हिंदु म्हटलें आहे त्यांच्यांत ६१.६. रोगास जात नसते असें म्हणण्याची वहिवाट आहे. पण घरास, पाण्यास, अन्नास आणि औषधास ती होती, व मृत्यूच्या वहीनें तें लपविलें नाहीं.

खेड्यांत याहून निराळा प्रकार झाला. जन्ममृत्यूची नोंद गांवकामगारांकडे असे, आणि साथींत नोंदणाराच अंथरुणास खिळला किंवा निघून गेला. कित्येक ठिकाणीं वही कोरीच राहिली. १९१९ सालीं हिंदुस्थान सरकारच्या सॅनिटरी कमिशनरानें मृतांचा अंदाज साठ लक्ष केला होता. पुढील संशोधकांचे हिशोब एक कोटि चाळीस लक्षांच्या आसपासपासून एक कोटि ऐंशी लक्षांपर्यंत गेले आहेत. जेथें पहिला रकानाच एवढा डळमळीत, तेथें दुसऱ्याची कथा काय सांगावी! कोणत्या कसब्यानें बाजार बंद केला, कोणी केला नाहीं, कोठें दवाखाना उघडला, कोठें अधिकारी थंड हवेच्या ठिकाणींच राहिले, याचा गांववार तक्ता अमेरिकेंतील शहरांसारखा आपणांकडे मांडला गेलेला नाहीं. मुंबईंत सेवाभावी संस्थांच्या स्वयंसेवकांनीं चाळीचाळींतून औषध आणि दूध पोंचविलें, सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था त्यांत पुढें होत्या, हें आपणांस माहीत आहे. पण कोणत्या मोहल्ल्यांत ते केव्हां पोंचले आणि तेथील मृत्यु त्यानंतर उतरले काय, या प्रश्नास उत्तर नाहीं.

यास एक ऐतिहासिक कारणहि आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या कायद्याच्या आधारें घरांत शिरून झडत्या घेणें, रोग्यास ओढून नेणें, सामान जाळणें असे जे प्रकार झाले, विशेषतः पुण्यांत, त्यांचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर झालेल्या गोळीबारांत झाला. हुकुमांचा तो अतिरेक लोकांच्या आणि सरकारच्याहि स्मरणांत राहिला, व १९१८ सालीं सरकारनें हात आंखडता घेतला त्यांत त्या स्मरणाचा भाग होता, असें अनेक इतिहासकार मानतात. एका साथींत हुकूम फार झाले, दुसरींत फार थोडे. या दोहोंच्या मध्यें योग्य माप कोणतें, हें तुलनेवांचून ठरत नाहीं. आणि तुलना नोंदीवांचून होत नाहीं. तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रांत २०२० च्या मार्चांत पुन्हां हातीं घेण्यांत आला, ही गोष्ट या संदर्भांत विसरण्याजोगी नाहीं.

२०२० सालीं मात्र एक फरक पडला. साथ चालूं असतांनाच तिच्या हुकुमांची वही लिहिण्याचें काम जगांत प्रथमच मोठ्या प्रमाणावर झालें. ऑक्सफर्ड विद्यापीठांतील टॉमस हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शेंकडों स्वयंसेवकांच्या मदतीनें १८० हून अधिक देशांचे निर्णय दररोज नोंदविण्यास आरंभ केला. शाळांविषयींचा निर्णय शून्य ते तीन अशा पायऱ्यांनीं लिहावयाचा. हुकूम सर्व देशास लागूं आहे कीं एखाद्या भागासच, याची निराळी खूण करावयाची. आणि सर्वांची मिळून शून्य ते शंभर अशी कडकपणाची संख्या काढावयाची, अशी त्यांची पद्धति होती. २०२२ अखेरपर्यंतचे निर्णय तींत आले आहेत. ही वहीसुद्धां हुकूम सांगते, आचरण सांगत नाहीं. पण नव्वद वर्षांनीं जुन्या वृत्तपत्रांची धूळ झाडण्यापेक्षां त्याच दिवशीं लिहिलेली ओळ कितीतरी मोलाची.

देश आणि प्रांत यांच्या पातळीवर हें काम झालें. गांव आणि प्रभाग यांच्या पातळीवर तें अजून व्हावयाचें आहे. त्या दोन वर्षांत आपल्या नगरपालिकांनीं, जिल्हाधिकाऱ्यांनीं, ग्रामपंचायतींनीं जे आदेश काढले ते बहुतेक भ्रमणध्वनीवरून फिरले आणि तेथूनच पुसले गेले. जुनी दवंडी निदान गांवच्या चावडींत कोणाच्या तरी कानीं राहत असे; ही नवी दवंडी लक्षावधि लोकांस क्षणांत पोंचली आणि क्षणांत नाहींशी झाली. कोणत्या दिवशीं कोणता रस्ता बांबूंनीं अडविला, भाजीबाजार कोणत्या मैदानांत हलविला, प्रसूतीसाठीं निघालेल्या बाईस कोणता परवाना लागत असे, हीं क्षुल्लक दिसणारीं माहिती आहेत. पण इतिहासांतील माणसाचें जगणें अशाच क्षुल्लकांनीं बनलेलें असतें.

हें काम करण्यास मोठें विद्यापीठच पाहिजे असें नाहीं. गांवच्या वाचनालयानें, शाळेंतील इतिहासाच्या शिक्षकानें, स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीनें मनांत आणलें तर आपापल्या गांवापुरता असा तक्ता आजहि तयार होईल. त्यास पांच रकाने पुरेत: हुकुमाची तारीख, तो कोणी काढला, कोणास लागूं होता, केव्हां बदलला, आणि केव्हां उठला. पांचवा रकाना सर्वांत अधिक विसरला जातो, म्हणून तो सर्वांत अधिक जपावा. बंदी कधीं घातली हें सत्तेच्या लक्षांत राहतें. ती कधीं उठवावयास हवी होती हें विचारण्याचा हक्क लोकांस त्या रकान्यामुळेंच मिळतो.

मेलेल्यांची गणना करणें हें कोणत्याहि सुधारलेल्या समाजाचें कर्तव्य आहे, आणि तें आपण कमीअधिक रीतीनें करीत आलों आहों. आपण काय केलें याची गणना करणें हें त्याहून कठीण. कारण तींत आपली परीक्षा असते. पुढची साथ येईल तेव्हां आपलीं नातवंडें आपणांस विचारतील कीं तुम्हीं शाळा कधीं लावली, कधीं उघडली, आणि त्यानें काय झालें. त्यांच्या हातीं त्या वेळीं आठवणींऐवजीं एक साधी वही देतां आली, तर त्यांचे सोळा दिवस दोनावर येण्याचा संभव आहे.